कोपरा फाटलेलं जबाबी कार्ड

८ डिसेंबर १९७०, मंगळवार. सकाळी कडक थंडी, आभाळ स्वच्छ, वारा नाही.

त्या दिवशी नगरच्या एका दवाखान्यात माझ्यावर पत्ता लिहिला गेला. मी जोडकार्डाचा जबाबी भाग बोलतोय. प्रश्न माझ्या जोडीदाराच्या अंगावर होते, उत्तर आणायचं काम माझं. टेबलावर अशी चाळीस जोडकार्डं होती.

डॉक्टर विजयमालाबाईंसमोर एक छापील तक्ता होता. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी कुठल्या देशात किती हयात राहतात, याचा. इंग्लंड होतं, नॉर्वे होतं, जपान होतं. सगळ्यांत खाली बाईंनी पेन्सिलीने आणखी एक ओळ आखली होती : नगर जिल्हा. ती कोरी होती.

"आपल्या बायका कुणी मोजायच्या?" त्या कारकून राधाकृष्णांना म्हणाल्या. "पण उत्तर येईल तीच मोजायची. अंदाजाने एकही नाही."

माझ्या वाट्याला गोजरबाई आली. पाथर्डी तालुका, ऑपरेशन १९६५. घराला कुलूप होतं. सगळी माणसं ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेलेली. पोस्टमनला ते ठाऊक होतं. त्याने जुना पत्ता खोडला आणि आम्हा दोघांना तिकडे धाडलं.

फडावर मुकादम बन्सीने मोठ्याने वाचलं, "गोजराबाय, दवाखाना इचारतोय, जिती हायेस का?"

"मग तुमच्याशी काय भूत बोलतंय व्हय?"

"हात वर जातो का, म्हनत्यात."

"लिव्हा, मोळी डोईवर घेते. पटत नसंल तर या म्हनावं बघायला."

"आन लिव्हा, भांडती बी लई," तिचा नवरा सूर्यभान कोयत्याला धार लावता लावता म्हणाला.

तेही बन्सीने लिहिलं. तव्याची काजळी लावून गोजरबाईने माझ्यावर अंगठा उमटवला. तो वाळावा म्हणून मला गाडीवर ठेवलं आणि तिथेच घोटाळा झाला. बैलाने मान लांबवून माझा एक कोपरा खाल्ला.

बन्सीचा चेहरा उतरला. आमच्या मुलखात कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. असं कार्ड घरात ठेवत नाहीत. वाचून लगेच फाडतात.

"नगं धाडू, गोजराबाय. अपशकुन हाय."

"दुसरं हाय का तुमच्याकडं? न्हाई ना? मग टाका पेटीत. आत लिवलंय की, जिती हाय म्हनून."

३० डिसेंबरला मी दवाखान्यात पोचलो. राधाकृष्णांनी मला दोन बोटांत धरलं, कोपरा पाहिला, वहीत 'मृत' लिहिलं आणि मला फाडायला दोन्ही हातांत घेतलं. माझं सोडा, पण पाच वर्षं जगलेली एक बाई माझ्याबरोबर फाटणार होती.

"थांबा," विजयमालाबाई म्हणाल्या. "तारीख कोणती?"

"कसली?"

"गेल्याची. ती लागते आपल्याला. वाचलंत ना?"

"कोपरा फाटलाय, बाई. वाचायचं काय त्यात?"

बाईंनी मला घेतलं आणि वाचायला लागल्या. 'मोळी डोईवर घेते' इथे थांबल्या, पुन्हा वाचलं. मग कपाटातून १९६५ चा संमतीचा कागद काढला, त्यावरचा अंगठा माझ्यावरच्या अंगठ्याशेजारी धरला आणि भिंग लावलं. दोन्हींवर कोयत्याचा तोच आडवा व्रण होता.

"राधाकृष्ण, मेलेली बाई भांडते कशी हो?"

राधाकृष्ण ओशाळून हसले. मग पट्टी घेऊन त्यांनी 'मृत' या शब्दावर लाल रेघ मारली आणि खाली सही केली.

मला कुणी फाडलं नाही. तक्त्याच्या फाईलमध्ये मी अजून आहे; काजळी थोडी पुसट झालीय. माझ्यासारखं कार्ड तुमच्या दारी आलं तर कोपऱ्याकडे नंतर बघा, आधी वाचा. परदेशातल्या त्या आकड्यांमागे कसले कागद असतील, मला ठाऊक नाही. आमच्या ओळीमागे मी आहे, हे मात्र छाती ठोकून सांगतो.

३१ मार्च १९७१ रोजी ती ओळ शाईने भरली गेली : नगर जिल्हा. ऑपरेशन १९६५. एकूण बायका चाळीस. पाच वर्षांनी हयात एकोणीस, मृत तेरा, ठावठिकाणा नाही आठ.