एकवीस पट्ट्यांची भिंत

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी शिडी आहे. आमच्याकडे खेड्यात मला निसण म्हणतात. मला तेरा पायऱ्या आहेत आणि त्यातल्या दोन तारेनं बांधलेल्या आहेत. सध्या मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका गोदामाच्या भिंतीला टेकून उभी आहे. 'ही जुनाट शिडी हलवा इथून,' असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतं. मी हलणार नाही. का, ते सांगते.

एका बुरुडानं दोन लांब, सरळ बांबू निवडून मला घडवलं आणि सटवाजी रंगाऱ्यानं मला विकत घेतलं. पेडगावच्या अलीकडे ओढ्याकाठी एकवीस घरांची एक वस्ती आहे, सटवाजी तिथला. मला खांद्यावर टाकून तो सारी परभणी फिरला. दिवाळीआधी घरांना चुना, लग्नाआधी मांडवाच्या माळा, कुठं गळकं पत्र्याचं छप्पर. लोक माझ्यावर हात थोपटून म्हणायचे, "शिडी पक्की हाय बरं का." तेव्हा मला फार बरं वाटायचं.

मग घडीच्या लोखंडी शिड्या आल्या. सटवाजीनंही एक घेतली. मी दोन वर्षं त्याच्या घरामागं पडून होते. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. आपलं काम संपलं, असं मी धरूनच चालले होते.

मग एका सप्टेंबरात चार दिवस पाऊस थांबला नाही. पाचव्या दिवशी सकाळी ओढा वस्तीत शिरला. लोखंडी शिडी कुणाकडे तरी मागून नेलेली होती. सटवाजीनं चिखलातून मला ओढून काढलं आणि शाळेच्या स्लॅबला लावलं. बायका चढल्या, लेकरं चढली, म्हातारे चढले. शेवटी सत्तरीतली कडूबाई तेवढी राहिली.

"मी न्हाई चढत," ती म्हणाली. "गुडघ्यात जीव न्हाई."

"मग मी बी खालीच थांबतो, मावशे," सटवाजी म्हणाला आणि खरंच पाण्यात उभा राहिला.

कडूबाईनं त्याला दोन शिव्या घातल्या आणि ती चढली. माझी तिसरी पायरी कडकन वाजली, पण मी तिला सोडलं नाही. सगळी माणसं वाचली. मग स्लॅबवरून सगळ्यांनी आपापली घरं बसताना पाहिली. पांढऱ्या मातीची घरं ती. पाण्यात गूळ विरघळावा तशी एकेक करत गेली.

तिसऱ्या दिवशी मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांचा मदतीचा टेम्पो आला. त्यात शिवरंजनी होती. भुसार मालाचे व्यापारी वीरुपाक्षअप्पा यांची ही मुलगी चित्रकार आहे. तिच्या चित्रांत माणूस नसतो, झाड नसतं, देव नसतो. असतात ते नुसते रंग, एकमेकांवर चढलेले, एकमेकांना ढकलणारे. तिच्या खोलीला सटवाजीनंच चुना लावलेला, म्हणून दोघांची ओळख. पहिले आठ दिवस कपड्यांचे ढीग आले, बिस्किटांचे पुडे आले. मग टेम्पो यायचे थांबले. वस्ती शाळेच्या दोन खोल्यांत राहत होती आणि घरांचा विषय कुणी काढत नव्हतं.

"अप्पा, मी माझ्या चित्रांचं प्रदर्शन भरवते," शिवरंजनी घरी म्हणाली. "येईल ते सगळं वस्तीच्या घरांना."

"रंजू, तुझी चित्रं तुझ्या बापाला कळंनात," अप्पा म्हणाले. "मोंढ्याला काय कळणार?"

"न कळू द्या. बघायला तर येतील."

एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. उंच भिंतीवर चित्रं टांगायला सटवाजीनं मलाच नेलं. तुटकी पायरी तारेनं बांधली होती. दोन दिवस लोक आले आणि हसून गेले. एकानं सटवाजीला विचारलं, "हे उलटं तर टांगलं न्हाई ना?"

"सरळच हाय," सटवाजी गंभीरपणे म्हणाला. "तुमी जरा वाकून बगा."

तिसऱ्या दिवशी वस्तीतली माणसं आली. एका मोठ्या चित्रापुढं कडूबाई थांबली. खालून वर मातकट रंग चढत गेलेला आणि अगदी वर पांढऱ्याची बारीक चीर उरलेली, असं ते चित्र होतं.

"हे तिकडं फिरवा," ती म्हणाली. "मला भ्या वाटायलंय."

शिवरंजनीनं तिला काही समजावलं नाही. सटवाजी माझ्यावर चढला आणि त्यानं चित्राचं तोंड भिंतीकडं केलं. पुढचे दिवस ते तसंच पाठमोरं राहिलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, हे असं का? उत्तर ऐकल्यावर हसणारेही बाकीची चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघायचे. चित्रं विकली जाऊ लागली. प्रदर्शन संपलं तेव्हा सात घरांची सोय झाली होती.

चौदा घरं उरली. तेव्हा शिवरंजनीनं ठरवलं, की आता गावाच्या डोळ्यांसमोर रोज दिसेल असं चित्र भर रस्त्यावर भिंतीवर काढायचं. भगवानराव नावाचे एक पुढारी होते. त्यांच्या आवाराची लांबलचक भिंत रस्त्याला लागून होती. त्यांनी ती आनंदानं दिली. चार दिवस मी त्या भिंतीला उभी होते. पाचव्या दिवशी भगवानराव फोटोवाल्याला घेऊन आले.

"ताई, हे रंगबिंग ठीक हाय," ते म्हणाले. "पण मधे माझा चेहरा येऊ द्या, हात जोडलेला. खाली लिहा, पूरग्रस्तांच्या पाठीशी भगवानराव. चौदाच्या चौदा घरं मी बांधून देतो."

शिवरंजनीनं ब्रश डब्यात ठेवला. ती नाही म्हणायला निघाली होती, पण घरं तिची नव्हती. ज्यांची होती त्यांना विचारायला ती दुपारीच वस्तीवर गेली आणि तिनं सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"तुम्ही हो म्हणालात तर मी चेहरा काढीन," ती म्हणाली. "माझ्या हट्टापायी कुणी उघड्यावर राहायला नको."

शाळेच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. सटवाजीचं आणि कडूबाईचं घर त्या चौदांतच होतं. कडूबाई म्हणाली, "स्लॅबवर चढले तवा मला कुनी इचारलं न्हाई, फोटो कुनाचा लावतीस म्हणून. घर बांधायचं तर बांध म्हणावं. त्याचं तोंड रोज बगायला मी वाचले का?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. असं त्या चौदा घरांनी नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी भिंतीवर चुना मारायचा हुकूम दिला, आणि बोलावलं कुणाला तर सटवाजीला.

"माझा हात दुखायलाय, साहेब," सटवाजी म्हणाला.

"कोणता हात?"

"दोन्ही."

चुना दुसऱ्यानं मारला, लोखंडी शिडीवरून. मी रस्त्याच्या पलीकडे आडवी पडून ते पाहत होते. चार दिवसांचं काम अर्ध्या तासात पांढरं झालं. शिवरंजनी शेवटपर्यंत तिथं उभी होती. तिनं रंगाचे डबे उचलले आणि ती मोंढ्यात, बापाच्या दुकानात गेली.

वीरुपाक्षअप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांच्या गोदामाची रस्त्याकडची भिंत पाइप कंपनीच्या जाहिरातीनं भरलेली होती. अप्पा म्हणाले, "ती जाहिरात खरवडून काढा."

"गिऱ्हाईक विचारतील अप्पा, हे काय काढलंय म्हणून. तुम्हाला सांगता येईल का?"

"नाही येणार," अप्पा म्हणाले. "पण कशासाठी काढलंय ते सांगीन."

मी भिंतीला लागले. शिवरंजनीनं वेगळाच बेत केला. भिंतभर उंच, उभे एकवीस पट्टे आखले, वस्तीतल्या घराला एक. ज्या घरावर छप्पर चढेल, त्याचाच पट्टा रंगवायचा. बाकीचे कोरे, नुसत्या प्लास्टरचे. घरवाल्यांनी आपल्या पडक्या घराची पांढरी माती चाळून आणायची, ती डिंकात आणि रंगात कालवायची. पहिले सात पट्टे असे रंगले. एकात राख आणि हळद झुंजताहेत असं वाटतं. एक नुसता निळा आहे आणि मधेच फाटलेला आहे. पुढं कडूबाईच्या घरावरही छप्पर चढलं, तिचा पट्टा गडद लाल आहे. त्याचा अर्थ तिनं विचारला नाही. "रंग दमदार हाय," एवढंच म्हणाली.

चौदा कोरे पट्टे मोंढ्याला खुपू लागले. हमाल विचारायचे, माल विकायला आलेले शेतकरी विचारायचे, "बाकीचं कधी काढणार?" अप्पा गादीवरूनच उत्तर द्यायचे, "घर झालं की." मग कुणी पत्रे पाठवले, कुणी विटांची ट्रॉली, गवंड्यांनी रविवारी फुकट काम केलं. महिन्यांमागून महिने गेले आणि एकेक पट्टा भरत गेला. सटवाजीचा पट्टा रंगला त्या दिवशी माझी नववी पायरी गेली. त्यानं तिलाही तार बांधली आणि रंगकाम पुरं होईपर्यंत अप्पा खाली मला धरून उभे राहिले.

आता चार पट्टे कोरे आहेत. मागच्या महिन्यात एका बड्या पाहुण्याचा दौरा होता. आदल्या दिवशी एक माणूस धावत आला. "तेवढे चार रंगवून टाका ना ताई. फोटोत बरं दिसंल."

"चार घरं बांधा," शिवरंजनी म्हणाली. "दुपारपर्यंत रंगवून देते."

तो तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्या भिंतीसमोरून गेल्या आणि चारही कोरे पट्टे त्यांना उन्हात लख्ख दिसले असतील. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

मित्रांनो, संकटात सापडलेल्यांकडे पहिल्या आठवड्यात सगळेच धावतात. तुम्ही शेवटच्या घरापर्यंत थांबा. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू मोडली तर तिला तार बांधा, काम अर्धं असताना ती चुलीत घालू नका. उरलेल्या चार घरांपैकी गीताबाईच्या घराचा पाया कालच खणला. तिचा पट्टा डावीकडून अठरावा आहे. मी आताच तिथं सरकून उभी राहिले आहे.