हॉटेलात जेवायला गेलेली पितळी

मी पितळी बोलतेय. ताट म्हणाल तर ताटच, पण काठ उंच आणि पोट खोल. हल्लीच्या स्टीलच्या उथळ ताटल्यांना माझ्यासारखं पोटभर वाढून घेणं जमायचं नाही, पण ते असो.

मानवतच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि कासाबाईच्या बापाने तिच्या लग्नात आंदण दिलं. तिचा नवरा मल्हारी धनगर. मेंढरांमागे आमचं बिऱ्हाड घोड्यावर फिरायचं. आज पाथरीचं शिवार, उद्या पलीकडचं. कासाबाई रोज तीन दगडांची चूल मांडून भाकऱ्या थापायची. मल्हारी जेवला, त्याचा धाकटा भाऊ बिरू जेवला, कुत्री जेवली, की मग माझ्यात तिची गार भाकरी पडायची. मल्हारीला हे सलायचं. "एकदा तुला दुसऱ्याच्या हातचं ऊन ऊन जेवू घालीन," असं तो लग्नापासून म्हणत आला होता. कासाबाई नुसती हसायची.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी परभणीत जे ते मुंबईचं झालं. स्टेशनासमोर बन्सीधरशेठने नवं हॉटेल काढलं आणि 'मुंबईची खास घडीची रोटी' अशी पाटी लावली. लोकर चांगल्या भावाने गेली, तशी मल्हारीने मेंढरं बिरूवर सोपवली आणि कासाबाईला घेऊन हॉटेल गाठलं.

बरोबर मीही होते. गावजेवणाला जो तो आपापलं ताट-तांब्या घेऊन जातो. मग एवढ्या मोठ्या ठिकाणी रिकाम्या हाताने जायचं कसं? कासाबाईने मला राखेने घासून लखलखीत केलं होतं. तिने मला टेबलावर मांडलं तशी आजूबाजूची माणसं खुदुखुदु हसली. मला मेलीला उलट ऐट आली.

वाढप्याने बशी आणली, कासाबाईने ती माझ्यात रिकामी केली. मैद्याची पातळ रोटी, मधोमध दुमडलेली, आत चिमूटभर बटाटा नि कांदा. तीही गार. माझ्या खोल पोटात ती कुठे जाऊन बसली ते शोधावं लागलं.

"बाकीचं कवा आणता?" कासाबाईने सरळ विचारलं.

"बाई, एवढंच असतंय. मुंबईला असंच खातेत," गल्ल्यावरून शेठ म्हणाले.

मल्हारीचा चेहरा उतरला. लोकरीच्या पैशाचा भलामोठा लचका त्या रोटीने तोडला.

"लय चांगलं होतं. पोट भरलं माजं," बाहेर आल्यावर कासाबाई म्हणाली. तिचं पोट गुरगुरत होतं आणि ते मल्हारीला ऐकू येत होतं.

दिवेलागणीला तळावर पोचलो. कासाबाई पीठ काढायला वाकली.

"तू बस," मल्हारी म्हणाला.

"आवो, बिरूभावजी बघायलेत. काय म्हणतील?"

"बघू दे. सबूद दिलाय म्या तुला."

रानात एकटा असला की तो भाकरी करायचाच, पण बायको असताना पुरुषाने चुलीपुढे बसायचं म्हणजे तळावर हसू. बिरू हसलाही. मल्हारीने वाकडीतिकडी भाकरी थापली, एका अंगाने करपवली आणि तव्यावरून थेट माझ्यात टाकली. तो चटका मला फार गोड लागला.

"कशी झाली?"

"कच्ची हाय," असं म्हणत, डोळे पुसत कासाबाईने ती सगळी खाल्ली. मग हळूच म्हणाली, "आनखी एक टाका."

ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो. आता मेंढरं नाहीत, मल्हारी नाही, कासाबाईही नाही. त्यांच्या नातसुनेने मला मोडीत काढलंय. दारातल्या पोत्यात पडून आहे. वितळवा खुशाल, माझी तक्रार नाही. पण आत्ता घरातून भाकरी थापल्याचा आवाज येतोय. सगळे जेवून उठले आणि थापणारी ती पोर, तीच नातसून, अजून उपाशीच आहे. अरे, कुणीतरी उठा, तिला खाली बसवा. ताट सापडेना तर पोत्यातून मला काढा, पण तिला ऊन ऊन वाढा.