मूळ प्रत

जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत ऋतुजा वर आली आणि दारातूनच ओरडली,

“बाबा, ‘मंजूर’ दाबलंत का?”

विश्वासराव ड्रॉइंग बोर्डावर वाकले होते. त्यांनी हातानेच तिला थांबवलं, रेघ पूर्ण केली आणि मगच चष्मा कपाळावर चढवला.

“आधी पाणी पी,” ते म्हणाले.

कसलं पाणी! भोपाळबाहेरच्या मंडीदीपहून महाराणा प्रताप नगरातल्या या ऑफिसपर्यंत तिने गाडी कशी हाकली ते तिचं तिलाच ठाऊक. कारखान्यांच्या यंत्रांची जुनी ड्रॉइंग कॉम्प्युटरवर उतरवायची आणि जपून ठेवायची, हा बापलेकीचा धंदा. बारा कारखान्यांनी आपली ड्रॉइंग त्यांच्या हवाली केलेली. त्यातलं एक जरी ड्रॉइंग चोराच्या हाती गेलं असतं, तर उद्यापासून भोपाळात कुणी त्यांना दारात उभं केलं नसतं.

आणि चूक कुणाची? तिचीच! ‘अनोळखी लिंक उघडू नये’ हा कागद ऑफिसच्या भिंतीवर तिनेच ठसठशीत अक्षरांत लावलेला. सकाळी मंडीदीपच्या मीटिंगमध्ये, एकीकडे बोलता बोलता, टेंडरची म्हणून आलेली लिंक तिने उघडली आणि मागितलेला पासवर्ड देऊन मोकळी झाली. तासाभरात कॉम्प्युटरचं सगळं बघणाऱ्या निनादचा फोन.

“ताई, तुमच्या मेलमध्ये कोई और घुसलाय. तुमच्या नावाने काकांना मेल गेलाय, ड्रॉइंग बाहेर पाठवायची मंजुरी मागणारा.”

तिच्या तोंडचं पाणीच पळालं. कारण ड्रॉइंग बाहेर पाठवायची तर ऋतुजाने मेलवर मागणी करायची आणि विश्वासरावांनी आपल्या फोनवर ‘मंजूर’ दाबायचं, अशी रीत होती. ही दुसरी सही म्हणजे त्यांचाच हट्ट. बरखेड्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी ड्रॉइंग तपासली. काढणाऱ्याची एक आणि तपासणाऱ्याची एक, अशा दोन सह्या झाल्याशिवाय तिथे कागद टेबलावरून हलत नसे. इथेही ते तिचा प्रत्येक मेल छापून घेत, लाल पेन्सिलने शब्द न् शब्द तपासत आणि मग कुठे मंजूर! ऋतुजा अगदी मेटाकुटीला येई. ही दुसरी सही ती या महिन्यात काढूनच टाकणार होती. त्यांना सांगायचं कसं, इथे घोडं अडलं होतं.

“बाबा, सांगा ना! दाबलंत?”

“नाही दाबलं. तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कापलास.”

“मीटिंगमध्ये होते हो.”

“तेव्हाच म्हटलं, फोन कापणारी ही आपलीच, मेल लिहिणारी मात्र दुसरीच कुणी.” ते हसले. “मग फोन ड्रॉवरमध्ये घातला आणि कुलूप लावलं. चुकून बोट लागायला नको.”

म्हणून वाटेत तिने केलेला एकही फोन त्यांनी उचलला नव्हता तर! ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि सबंध पेलाभर पाणी प्यायली. निनादने एव्हाना तिचं खातं बंद केलं होतं. ड्रॉइंग जागच्या जागी होती.

“पण ओळखलंत कसं? मेल माझ्याच पत्त्यावरून आला होता. मराठीही चोख आहे म्हणाला निनाद. हल्ली हे लोक कॉम्प्युटरकडून हव्या त्या भाषेत लिहून घेतात.”

“ताडून पाहिला. तपासणाऱ्यापाशी मूळ प्रत नको का?”

त्यांनी एक जाडजूड फाइल तिच्यापुढे सरकवली. दोन वर्षांतले तिचे सगळे मेल, तारीखवार. मग शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून तिच्या हाती दिला आणि ते चहा टाकायला उठले.

कारखान्याचं नाव: लाल टिक. ड्रॉइंगचे नंबर: टिक. ‘ताबडतोब मंजूर करा’: टिक, आणि बाजूला ‘नेहमीचेच’.

खाली शेवटची ओळ होती. ‘बाबा, वेळेवर जेवत जा. फार वेळ उभं राहून काम करू नका. मला तुमची काळजी वाटते.’ त्या ओळीभोवती लाल गोल होता आणि शेजारी त्यांच्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं, ‘मूळ प्रतीशी जुळत नाही.’

ऋतुजाने फाइल उघडली. ‘आजच पाठवा.’ ‘अजून का नाही?’ ‘किती वेळ बाबा?’ ती पानं उलटत राहिली. पार पहिल्या पानापर्यंत गेली. तपासणी बिनचूक होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हा फाडून टाकते,” चहाचा कप घेताना ती म्हणाली.

“असू दे, असू दे.” त्यांनी तो कागद पुन्हा चार घड्या घालून खिशात ठेवला.

दुपारी निनादने नवा पासवर्ड लावून दिला. दुसऱ्या सहीचं काय करायचं, असं त्याने विचारलं तेव्हा “ती राहणार” एवढंच ती म्हणाली. मग आपल्या टेबलाशी बसून तिने एक ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि पाठवली.

काचेपलीकडे प्रिंटर घरघरला. विश्वासरावांनी कागद घेतला, लाल पेन्सिल घेतली. वाचलं. पुन्हा वाचलं. मग ड्रॉवरचं कुलूप काढून फोन हातात घेतला. दहा पावलांवर ऋतुजाचा फोन वाजला. तिने पहिल्याच घंटीला उचलला.

“तुझ्या नावाने एक मेल आलाय,” ते म्हणाले.

“हो.”

“तूच लिहिलास?”

“मीच, बाबा.”

“नक्की?”

त्यांना दिसावं म्हणून ती उठून उभी राहिली. “नक्की. सांगा ना, जेवलात का?”

“नाही गं अजून,” ते म्हणाले.

मग त्यांनी त्या ओळीपुढे टिक केली, खाली सही केली, तारीख घातली आणि तो कागद मूळ प्रतींच्या फाइलला लावला.