नाव मागायला

फोनवर उन्नूरच्या तोंडून एक शब्द निसटला आणि त्या एका शब्दापायी नवराबायको सहाशे किलोमीटर गाडी हाकत निघाले होते.

सप्टेंबरात सासूचा, रानवेगचा, फोन आला होता. त्या दिवशी ब्रान्दुरचा वाढदिवस. ब्रान्दुर म्हणजे होग्नीचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी समुद्रावर गेला तो गेलाच. ना होडी मिळाली ना माणूस. फोन आला तेव्हा उन्नूरला पाचवा महिना होता. रानवेगने आधी वाऱ्याची चौकशी केली, मग मेंढ्या डोंगरावरून उतरल्याचं सांगितलं, आणि मग आवाज बारीक करून विचारलं, "तुझ्या स्वप्नात कोणी आलं नाही ना गं अजून?"

सासरची समजूत अशी, घरात पोट राहिलं की गेलेलं माणूस स्वप्नात येतं, दाराशी उभं राहतं, बसायला जागा मागतं. ते नाव मागायला आलेलं असतं. बाळाला त्याचं नाव द्यायचं, एवढंच. राजधानीत राहणारी, दवाखान्यात रक्त तपासणारी उन्नूर असल्या गोष्टींना हसायची. पण त्या बारीक आवाजापुढे तिचं हसू पळालं आणि ती म्हणून गेली, "आला ना. ब्रान्दुर आला होता."

 मागे वळून बघते तर होग्नी हातात कॉफीची किटली घेऊन उभा. त्याने किटली खाली ठेवली आणि तिथेच खुर्चीत बसला. त्या रात्री तो सकाळपर्यंत झोपला. लग्नाला सहा वर्षं झाली होती. नवऱ्याला सलग झोपलेलं तिने पहिल्यांदा पाहिलं.

आता सासूचं फर्मान होतं. "फोनवर नको. समोर बसून सगळं सांग, बर्फाने घाट बंद व्हायच्या आत या." आणि सांगायला उन्नूरकडे काही म्हणजे काही नव्हतं.

गाडी दक्षिणेच्या रस्त्याने निघाली. डावीकडे हिमनदी डोंगरावरून खाली उतरलेली, उजवीकडे काळी वाळू आणि तिच्यापलीकडे समुद्र. होग्नी समुद्राकडे कधी बघत नसे. गाडी चालवताना मान अशी ताठ धरायचा की वाटावं लचक भरलीय. आज मात्र तो अधूनमधून बघत होता.

"काय गप्प गप्प?" त्याने विचारलं. "आईला घाबरलीस की काय? ती चावत नाही. दात काढून ठेवते ती."

"उलटी होईल मला," उन्नूर म्हणाली. आतून ती ठरवत होती, पुढच्या पुलापाशी सांगायचं. तो एकपदरी पूल आला, समोरच्या ट्रकला आधी जाऊ दिलं, आणि पूल मागे पडला. मग म्हणाली पुढच्या पुलापाशी. त्या रस्त्याला पुलांना तोटा नाही, आणि बाई दर पुलाला शब्द गिळत होती.

दुपारी त्या काळ्या वाळवंटाच्या अलीकडे रस्ता बंद निघाला. वारा असा की वाळूने गाडीचा रंग खरवडून निघाला असता. पेट्रोल पंपावर आणखी दहाबारा गाड्या थांबल्या होत्या. होग्नी उतरून तिच्या बाजूला आला, दोन्ही हातांनी दार धरलं आणि मगच तिला उघडू दिलं. गाडीचं दार वाऱ्याने उपटून नेलंय असे लोक तिथे दर गावात सापडतात.

आत त्यांनी मटणाचं सूप घेतलं. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आता तीन तास कुठे जायचं नव्हतं. उन्नूरने चमचा खाली ठेवला.

"होग्नी, मला त्या स्वप्नाबद्दल सांगायचंय."

"आधी मी सांगतो," तो म्हणाला. "तू सांगितलंस की माझी हिंमत जाईल."

त्याने ब्रेडचा तुकडा मोडला, खाल्ला नाही.

"त्या दिवशी होडीवर पाळी माझी होती. आदल्या रात्री हिवाळ्याची मेजवानी होती गावात. मी इतकी ढोसली होती की पायात बूट जाईना. ब्रान्दुर हसला, म्हणाला, झोप म्हाताऱ्या, मी जातो. आईला वाटतं मला ताप होता. तिला मी तेच सांगितलं. आजवर."

उन्नूरला हे माहीत नव्हतं. सहा वर्षांत नवऱ्याने एका अक्षराने सांगितलं नव्हतं.

"मला वाटायचं, तो माझ्या दाराशी कधी येणार नाही. आलाच तर मला न्यायला येईल. आणि तो आला तो माझ्या पोराचं नाव व्हायला." होग्नीचे डोळे भरले. त्याने ते लपवले नाहीत. "ज्याच्यावर राग असतो त्याच्या घरी कोणी नाव मागायला येतं का गं?"

"नाही," उन्नूर म्हणाली.

"तुला काय सांगायचं होतं?"

"काही नाही. सूप थंड होतंय."

आपण भित्री की शहाणी, हे तिला त्या घडीला कळलं नाही. एवढंच कळलं की आता खरं बोललं तर हा माणूस पुन्हा रात्री उठून स्वयंपाकघरात बसेल, आणि या वेळी कायमचा.

संध्याकाळी रस्ता उघडला. वाटेत त्यांनी मुक्काम केला. सकाळी पूर्वेच्या वळणांवर रेनडिअरचा कळप रस्त्यात उभा होता; होग्नी चक्क गाडीतून उतरून त्यांना हाकलायला गेला आणि परत येताना शीळ वाजवत आला. 

रानवेगचं घर फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, टोकाला होतं. म्हातारीने दारातच सुनेच्या पोटावर हात ठेवला, मुलाला म्हणाली, "बारीक झालास, बायको उपाशी ठेवते वाटतं," आणि दोघांना टेबलाशी बसवलं. सुका मासा, लोणी, तळलेल्या पिळाच्या क्लाइना, कॉफी. कोणी खाल्लं नाही.

"सांग," रानवेग म्हणाली.

उन्नूरने सांगितलं. रस्ताभर तिने ते जुळवलं होतं. दार वाजलं, उघडलं तर ब्रान्दुर. बसू का म्हणाला. मी म्हटलं बस.

"ओला होता की कोरडा?"

"कोरडा."

म्हातारीने डोळे मिटले. मग उघडले. "अंगात काय होतं?"

हा प्रश्न उन्नूरने धरलाच नव्हता. तिची नजर भिंतीवरच्या ब्रान्दुरच्या फोटोकडे गेली. "स्वेटर. राखाडी. गळ्याभोवती पांढरी नक्षी."

 रानवेग सुनेकडे बघत राहिली, आणि उन्नूरला वाटलं, संपलं.

"आई?" होग्नीचा आवाज फाटला. "त्या दिवशी तोच घातला होता ना त्याने? मी बघितलंसुद्धा नाही. मी झोपलो होतो. मला ताप नव्हता, आई. मी प्यायलो होतो."

म्हातारीने हळूच मान मुलाकडे वळवली. पन्नाशीकडे झुकलेला तो बाप्या लहान मुलासारखा रडत होता.

"तोच," ती म्हणाली. "तोच घालून गेला. आणि तुझ्या तोंडाला वास येत होता ते मला तेव्हाही कळलं होतं. मी आई आहे तुझी, पाद्री नाही. जा, तोंड धू. आणि गाडीतलं सामान आण."

होग्नी बाहेर गेला. रानवेग उठली, उन्नूरचा दंड धरून तिला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि कपाटाचा खालचा खण ओढला. राखाडी स्वेटर नीट घडी घालून ठेवला होता. गळ्याभोवती पांढरी नक्षी.

"कोपराला भोक पडलं होतं," म्हातारी म्हणाली. "रफू करायला माझ्याकडे टाकून गेला होता. जाताना त्याच्या अंगात मेणकापडाचं जाकीट होतं."

 उन्नूर पलंगावर बसली. "मला माफ कर, रानवेग. मी... तू इतकं हळू विचारलंस फोनवर."

"नऊ वर्षं मी दाराला कडी लावलेली नाही. एकदासुद्धा आला नाही. वाटलं, माझ्याकडे नाही तर निदान तुझ्याकडे तरी." तिने स्वेटरवरून हात फिरवला.  "होग्नीला कळता कामा नये. कधीच. वचन दे."

"दिलं. पण मग नावाचं काय करायचं? त्याने तर मागितलंच नाही."

बाहेर गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. रानवेगने खण ढकलून बंद केला आणि सुनेचे दोन्ही हात हातात घेतले.

"त्याने नाही मागितलं," ती म्हणाली. "मी मागते."