मी सरळ केलेली सावली

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे. माझे केस आज खराट्यासारखे ताठ आहेत. कुणी हातात घेतलेच, तर नाक मुरडून पुन्हा डब्यात टाकते. पण एके काळी छपराखालची सावली मी एका फटकाऱ्यात ओढत असे!

कारखान्यात डुकराचे केस, पत्र्याची पट्टी आणि लाकडी दांडा एकत्र आले आणि माझा जन्म झाला. तिथून मी एका चित्रकार बाईंच्या हाती पडलो. त्या तैलरंगात घरे आणि माळराने रंगवत. त्यांची एक रीत होती. आधी सावल्या रंगवायच्या, घर मागाहून. ऊन सरकते, म्हणून रोज ठरलेल्या वेळी अर्धाच तास काम. "ऊन कुणालाही दिसतं. घर कसं उभं आहे ते सावली सांगते," असे त्या म्हणत. माप घेताना एक डोळा मिटून माझा दांडा समोर उभा धरत. काम संपले की मला टर्पेंटाइनने आणि मग साबणाने धुऊन पुसत. इतके लाड तर घरच्या जावयाचेही होत नसतील.

एकदा त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईंनी, आपल्या घराचे चित्र मागितले. घर भाऊजींनी स्वतः बांधलेले होते. पश्चिमेची उंच भिंत नुकतीच गिलावा करून गुळगुळीत केली होती. सकाळी तिच्या सावलीत खुर्ची टाकून ताई शिवण करत. दुपारी चार वाजता समोरच्या दिव्याच्या खांबाची सावली त्या भिंतीवर पडे.

पहिल्या दिवशी ती सावली मधोमध किंचित वाकलेली दिसली. बाईंनी माझा दांडा खांबासमोर धरला. खांब सरळसोट होता. चित्र तीन आठवडे चालले, आणि तेवढ्यात सावलीचा बाक वाढला. बाईंनी मला खाली ठेवले आणि भाऊजींना हाक मारली.

"भाऊजी, भिंतीला पोट सुटलंय," त्या म्हणाल्या.

"पोट मला सुटलंय, भिंतीला नाही!" भाऊजी हसले.

"हसू नका हो. ती सावली बघा."

भाऊजींचे हसू मावळले. "पंचवीस वर्षं घरं बांधतोय मी. आता सावली मला शिकवणार? तू आपलं चित्र काढ."

ताईंनी बाईंना बाजूला घेतले. "अगं, कर ना सरळ. चित्रच तर आहे. उगाच त्यांचं डोकं फिरवू नकोस."

बाई चित्राकडे वळल्या. मग त्यांनी मला रंगात बुडवले आणि ती सावली सरळ केली. मित्रांनो, मला फार भीती वाटली. पण कुंचल्याला हात मागे घेता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच बाईंनी मला न धुता डब्यात टाकले.

चित्राची वाहवा झाली. भाऊजींनी ते त्याच भिंतीवर आतून लावले. खिळा ठोकताना भिंत पोकळ वाजली आणि गिलाव्याचा एक पापुद्रा खाली पडला. भाऊजींनी तो झाडून टाकला.

पुढे बाई दुसऱ्या कुंचल्याने रंगवू लागल्या. चार वाजले की त्यांचा हात थांबे. "उद्या जाऊन पुन्हा सांगते," असे स्वतःशीच म्हणत. असे कितीतरी उद्या गेले.

मग एका सकाळी, ताई सावलीत शिवत बसल्या असताना, भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली.

ताई वाचल्या. आता त्या बाईंकडेच राहतात. उजव्या हाताने त्यांना सुईसुद्धा धरता येत नाही. परवा खिडकीशी बसून त्या म्हणाल्या, "मीच म्हणाले होते ना गं, सरळ कर म्हणून."

"हात माझा होता, ताई," बाई म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला, मला टर्पेंटाइनमध्ये घासले, पुन्हा पुन्हा घासले. माझ्या मुळाशी वाळलेला रंग काही निघाला नाही.

मित्रांनो, कुंचला ओला आहे तोवरच धुवा. आणि सावली वाकडी दिसली, तर घरात कोण रागावेल ते नंतर बघा. आधी भिंतीखाली कोण बसले आहे ते बघा.