पेटी की पिंप

१. आपले नाव. स्मोकर कुठे ठेवणार?

सारिका. स्मोकर माझा नाही. बंगला प्रेरणामॅडमचा आहे, त्या पुण्यात राहतात. बंगला मळवलीच्या पुढे, लोहगडाच्या बाजूला. मी आणि माझी सासू विठाबाई तो सांभाळतो आणि शनिवार-रविवारी पाहुणे आले की रांधतो. सासूला मी आत्या म्हणते. पुढे आत्या असं लिहीन ते त्यांच्याबद्दल.

झाकणाआड लाकडाच्या धुरावर कोंबडी शिजवणारी तुमच्या दुकानाची दोन्ही यंत्रं मागच्या अंगणात पत्र्याखाली ठेवली आहेत, चुलीपासून आठ पावलांवर. चूल आत्यांची.

तुमच्या फॉर्मवर उत्तराला दोन ओळी आहेत. मला पुरत नाहीत. मागे कागद जोडते.

२. एका वेळी किती जणांसाठी स्वयंपाक?

बारा. कधी अठरा. या शनिवारी अठरा.

मॅडम म्हणाल्या की दुकानवाले दोन यंत्रं आठवडाभर वापरायला देतायत, चालवणार तू, तर ठरव पण तूच. शुक्रवारपर्यंत सांग, एक ठेवू, एक परत. दोन्हींच्या किमती मी एकदाच वाचल्या. त्या दिवसापासून जेवण नीट जात नाही.

३. स्मोकर घेण्याचे मुख्य कारण? (चव / सोय / पाहुण्यांवर छाप / इतर)

मॅडमचं उत्तर: छाप.

माझं: इतर.

इतर म्हणजे आत्यांची छाती. जूनमध्ये त्यांना तळेगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग विचारलं, चूल किती वर्षं? आत्या म्हणाल्या, हात पोचायला लागला तवापास्नं. डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि सांगितलं की धूर बंद. कमी नाही, बंद.

हे मॅडमना माहीत नाही.

मी सांगितलं नाही कारण मॅडमनी कामावर ठेवलं ते आत्यांना. लोहगडवाडीत आमची टपरी होती, गड चढून येणाऱ्यांना आत्या चुलीवरची कोंबडी आणि भाकरी द्यायच्या. मॅडम तिथे जेवल्या आणि आठवड्याने गाडी घेऊन परत आल्या. बंगल्याच्या जाहिरातीत आत्यांचा फोटो आहे, चुलीपुढे बसलेला, खाली 'चुलीवरचं जेवण'. मी फोटोत नाही. आत्यांचं काम थांबलं तर माझंही थांबलं. आत्यांनीच मला बजावलं होतं, पंपाचं कुणापाशी बोलू नको.

म्हणून मॅडम स्मोकर म्हणाल्या तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. झाकण बंद, आग आपोआप, फुंकायचं नाही. आत्या रांधतील आणि धूर आत राहील. मला वाटलं, हे यंत्र आमच्यासाठीच कुणीतरी काढलं आहे.

४. दोन्ही यंत्रांबद्दल थोडक्यात.

एक चौकोनी, त्याला आत्यांनी पेटी नाव दिलं. दुसरं गोल, ते पिंप.

पेटीला काचेची पाटी आहे, तिच्यावर आकडे उमटतात. पेटी वायफायवर चालते आणि काय झालं ते माझ्या फोनवर कळवते. जळण भरायचा डबा रबराने घट्ट बंद होतो. पेटी बोलते फार. टुंग, टुंग.

पिंपाला एकच खटका. डावीकडे मंद, उजवीकडे जोर. फोनशी त्याचं देणंघेणं नाही. डब्याचं झाकण सैल आहे. आत्यांनी खटका दोनदा फिरवून बघितला, गॅससारखाच हाय की, म्हणाल्या आणि पेटीकडे पाठ केली. पेटीबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच की हिला सून म्हणून आणलं असतं तर आठ दिवसांत माहेरी धाडली असती.

मी म्हटलं, मला नाही धाडलीत.

"तू टुंग टुंग न्हवतीस करत."

५. कोणत्या लाकडाचा स्वाद आवडला?

तुम्ही तीन पोती दिलीत, तिन्ही परदेशी झाडांची. भुसा दाबून केलेल्या त्या कांड्या, तुम्ही पेलेट म्हणता त्या, आत्यांनी तळहातावर घेतल्या, वास घेतला आणि विचारलं की ह्या लेंड्या शेळीच्या की मेंढीच्या. स्वादातला फरक मला कळला नाही. ते दिवस चव घेण्यासारखे नव्हते.

६. पेलेट कसे साठवता?

इथे माझी चूक आहे आणि ती लिहायला हवी.

रविवारी संध्याकाळी पिंपात जळण भरून मी पोतं ओट्यावर तसंच उघडं ठेवलं. सकाळी धुकं ओट्यावर चढलेलं होतं. आमच्याकडे श्रावणात धुकं खोलीत येतं, गाद्यांत शिरतं, मीठ पाणी होतं. मला हे माहीत नाही असं नाही. पण कांड्या पोत्यात होत्या, पोतं दुकानातलं होतं, मला वाटलं दुकानातल्या वस्तूला काही होत नसेल.

सोमवारी त्याच कांड्या पिंपात घातल्या. त्या फुगल्या, त्यांचा पुन्हा भुसा झाला आणि जळण आगीकडे ढकलणारा आतला स्क्रू अडकला. तुमचा माणूस आला. सगळं खोलून त्याने आत्यांकडे बघितलं आणि म्हणाला, मावशी, ही चूल नाही, ओलं घालाल तर लाखाची वस्तू जाईल.

आत्या काही बोलल्या नाहीत.

मीही काही बोलले नाही. मी शेजारीच उभी होते.

७. ॲपवरील सूचना उपयोगी वाटल्या का?

बुधवारी सकाळी मी पेटीचा डबा काठोकाठ भरला. आत दोन कोंबड्या ठेवल्या. झाकण उघडायचं नाही असं आत्यांना तीनदा सांगितलं आणि स्कूटीवरून लोणावळ्याच्या मंडईत गेले. सूचना इंग्रजीत येतात, मी मराठीत लिहिते.

९.५० ११० अंश.

९.५८ झाकण उघडलं.

९.५९ झाकण बंद. १०२ अंश.

मला हसू आलं. आत्या बघितल्याशिवाय रांधत नाहीत. भांड्यावर झाकण ठेवलं तरी दर थोड्या वेळाने वाकून बघणार, नाकाने वास घेणार. तेच चाललंय म्हटलं. पण पेटी उघडली की कोंडलेला धूर एकदम तोंडावर येतो हे मला आधी दिसलेलं होतं. हसू थांबलं.

१०.०७ झाकण उघडलं.

१०.०८ झाकण बंद. ९९ अंश.

मी आलं घेत होते. बाईने वजन केलं, मी पिशवी पुढे धरली नाही.

१०.१६ झाकण उघडलं.

१०.१८ सूचना नाही.

१०.२० झाकण अजून उघडं. ८८ अंश.

१०.२३ ७९ अंश.

१०.२५ पेलेटचा डबा रिकामा.

डबा मी नऊ वाजता भरला होता. तो दिवसभर पुरतो. दीड तासात रिकामा कसा होईल? यंत्र खोटं बोलतंय म्हणावं तर झाकणाचं खरं कसं धरू? आणि दोन्ही खरं असेल तर नऊ मिनिटं ते झाकण का लागत नाही?

आत्यांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला.

मला दिसत होतं ते असं: आत्या वाकल्या, धूर तोंडावर आला, श्वास अडकला, आणि आता त्या पेटीच्या पायाशी आहेत. त्यांचा पंप आतल्या खोलीत, कपाटात, साड्यांच्या खाली आहे. कुणाला दिसू नये म्हणून तिथे ठेवलेला. ठेवला मीच.

आलं तिथेच राहिलं. कार्ला फाट्यापर्यंत कशी आले आठवत नाही. मळवलीच्या रेल्वे फाटकाला गाडी जायची होती, फाटक पडलेलं. बघू नये म्हणता म्हणता फोन बघितला.

१०.४४ ५४ अंश.

फाटकाजवळचा रिक्षावाला म्हणाला, ताई, हॉर्न वाजवून फाटक उघडत नसतं. तेव्हा कळलं की मी हॉर्न दाबून धरला होता.

८. यंत्राने अपेक्षेप्रमाणे काम केले का?

यंत्राने केलं.

अंगणात शिरले तर पेटीचं झाकण सताड उघडं. आत दोन कोंबड्या, पांढऱ्याफटक. पेटीच्या पायाशी कुणी नव्हतं. पण पत्र्याखाली एवढा धूर की पलीकडची भिंत दिसेना. धूर पेटीचा नव्हता. चुलीचा.

आत्या चुलीपुढे बसून फुंकणीने फुंकत होत्या. चुलीवर मोठी परात आणि परातीत पेटीतल्या सगळ्या कांड्या पसरलेल्या. त्या सुकवत होत्या.

"आलीस?" त्यांनी श्वास घेतला. "पावसाळ्यात जळान चुलीवर सुकवल्याबिगर," पुन्हा श्वास, "कोन घालतं गं आगीत?" श्वास. "त्यो मानूस परत," श्वास, "बोलाय नगं मला."

बंद डब्यातल्या कांड्या कोरड्याच होत्या. कोंबड्या शिजेनात म्हणून त्यांनी सारखं झाकण उघडून बघितलं होतं, मग जळण ओलं असणार म्हणून झाकण तसंच टाकून डबा उपसून रिकामा केला होता. धूर टाळायला आणलेलं यंत्र, त्याचं जळण सुकवायला पेटवलेली चूल.

मी त्यांना उठवून आत नेलं, पंप दिला. दोनदा ओढल्यावर ओठांचा रंग परत आला. मग मी म्हटलं, सोमवारचं पोतं उघडं मी ठेवलं होतं.

"म्हाईत हाय मला."

मग त्या माणसासमोर गप्प का बसलात, विचारलं.

"तू न्हाई का गप बसलीस माझ्या पंपाचं? दोगी गप. बरं चाललं हुतं."

मी फोन उचलला. कुणाला लावतेय ते त्यांना कळलं.

"ठिव त्यो. सारके, मला घरी बसवायचं आसंल तर तसं म्हन. मशीनीच्या आडून नगं."

मी ठेवला नाही. मॅडमनी उचलल्यावर सगळं एका दमात सांगितलं, तळेगावपासून परातीपर्यंत. आत्या भिंतीकडे तोंड करून ऐकत होत्या. मॅडमनी विचारलं की जूनपासून मी हे लपवलं का. हो म्हटलं. मग विचारलं की शनिवारी अठरा माणसं येणार, जाहिरात बघून येणार, रांधणार कोण.

"मी."

"तुला येतं, सारिका?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्यांनी फोन माझ्या हातून घेतला. "मॅडम, ती मीठ कमी टाकती. बाकी येतं. मी आत बसून सांगीन, चुलीपाशी न्हाई जायाची."

मॅडम म्हणाल्या, शनिवारी मी स्वतः जेवायला येते, मग बोलू. काय बोलू ते त्या म्हणाल्या नाहीत. मी कालपासून ते दोन शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघते आहे. मग बोलू. मग. बोलू. एकातही कळत नाही.

९. आपली निवड व कारण.

पेटी.

आत्यांना पिंप हवं होतं. अजूनही हवं आहे. चालवायला तेच सोपं. पण बुधवारी अंगणात पिंप असतं तर मी आलं घेतलं असतं, कोथिंबीर घेतली असती, भाव केला असता, चहा प्यायले असते, दुपारी घरी आले असते. पिंपाने मला शांत ठेवलं असतं.

पेटीमुळे मला धडकी भरते. दिवसातून चाळीस वेळा फोन बघते. तरी तीच हवी.

पिंप घेऊन जा. त्याच्यात दोष नाही, असं तुमच्या माणसालाही सांगा. आणि ओलं जळण मावशींनी घातलं नव्हतं हेही सांगा.

१०. अन्य काही सूचना.

सूचना नाही. आज गुरुवार, दुपारी रंगीत तालीम केली, तेवढं लिहिते.

आत्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, सरकत्या काचेच्या दाराआड. दार घट्ट लावलं. मी बाहेर. मसाला त्यांनी आतच वाटून दिला होता, मीठही त्यांनीच घातलं होतं, माझ्यावर भरवसा नाही. मी कोंबडी पेटीत ठेवली आणि काचेकडे बघत उभी राहिले. त्या मान हलवतील तसं करायचं असं ठरलं होतं. अर्धा तास त्यांनी मान हलवली नाही. माझी मान दुखायला लागली.

मग काचेवर थाप पडली. बघितलं तर त्यांचं तोंड हलत होतं. पत्र्यावर पाऊस, मला काही ऐकू येईना. तोंड हलतंय, खांदे वर-खाली होतायत, एक हात छातीशी. रागावून बोलताना त्यांचे खांदे असेच हलतात. खोकतानाही असेच हलतात.

चिमटा हातातून टाकला आणि धावत जाऊन दार सरकवलं.

"...छाती खाली, छाती खाली म्हनून कवाधरनं सांगतीय," स्वतःच्या छातीवर हात आपटत आत्या म्हणत होत्या, "पाठीवर निजवलीया ती कोंबडी, सुकंल की सगळी! डोळं हायती का काय?"

मी दार पाठीमागे लावून घेतलं, धूर आत येऊ नये म्हणून, आणि त्यांच्या पायाशी फरशीवर बसले. म्हटलं, मला नीट कळलं नाही, पुन्हा सांगा. पहिल्यापासून सांगा.

त्या सांगायला लागल्या. कोंबडी कशी निजवायची, कधी पालथी करायची. मी मान डोलावत होते, पण ऐकत होते ते शब्दांच्या मधलं. एका श्वासात त्यांचे सात-आठ शब्द होत होते. काल तीन-चार होत होते.