खारट टोकाची कुल्फी

नगरपरिषदेची निवडणूक आज लागेल, उद्या लागेल म्हणत दिग्विजयनं भूममधले सगळे सण साजरे करून संपवले होते. संक्रांतीला वाण वाटलं, गणपतीत वेगवेगळ्या मंडळांच्या आरत्या केल्या, आणि ज्यांच्या घरी कुणी वारलं तिथं दहाव्याला जाऊन तो घरच्यांपेक्षा जास्त वेळ बसला. मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात मतदार दार लावून झोपतो. त्याला बाहेर कसं काढायचं याचा विचार करताना दिग्विजयला आया आठवल्या.

"'आईच्या हातचा खाऊ' स्पर्धा घ्यायची," त्यानं जेवताना जाहीर केलं. "सुट्टीत पाकिटातलं खाऊन पोरं खराब व्हायलीत. आपण आयांना सोपा, घरगुती, उन्हाळी खाऊ करायला लावू. परीक्षक पोरंच. आणि सुरुवात राजेश्वरी करंल. कुल्फी दाखवंल."

राजेश्वरी, म्हणजे त्याची बायको, भाकरी वाढता वाढता थांबली. "मला कुल्फी येत न्हाय."

"कुणाला येती? हातात धरायची अन् सांगायचं, असं असं केलं."

"तिला गॅस पेटवता येतो का ते इचार आधी," कस्तुराबाई म्हणाल्या.

कस्तुराबाई दिग्विजयच्या आई. लग्न होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात कांदा चिरण्यापलीकडं हात लावू दिला नव्हता. सून आत शिरली की माझं मीठ कुठं ठेवलंय ते सापडत नाही, असं त्या सांगत. आणि माझ्या सुनेला काही येत नाही, हेही गल्लीभर त्याच सांगत. दोन्ही गोष्टी एकाच बाईला एकाच दुपारी सांगितल्या तरी त्यांना काही वाटायचं नाही.

राजेश्वरीनं मनापासून प्रयत्न केला, हे मान्य करायला पाहिजे. तिनं फोनवर व्हिडिओ बघितला. त्यातली बाई ताजं नेलपॉलिश लावून, केस मोकळे सोडून, पाच मिनिटांत कुल्फी करत होती. तिच्या मागं खिडकीत हिरवंगार झाड होतं आणि तिच्या घरची लाइट कधी जात नव्हती. दिग्विजयच्या सांगण्यावरून सासूनं तेवढ्यापुरती शेगडी सोडली. राजेश्वरीनं दूध आटायला ठेवलं आणि ते आधी उतू गेलं, मग बुडाला लागलं. करपल्याचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. कस्तुराबाई नाकाला पदर लावून दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोठं समाधान होतं.

"आटायलंय का जळायलंय?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीनं पुन्हा दूध आणलं. या वेळी ती पातेल्यापाशी उभीच राहिली, घामानं निथळली, पण दूध नीट आटलं. वेलची घातली, पेल्यांत ओतून फ्रीजमध्ये ठेवलं. दुपारभर लाइट गेली. संध्याकाळी तिसरीतल्या तिच्या मुलीनं, हर्षालीनं, एक पेला काढून तोंडाला लावला.

"मम्मी, बासुंदी एक नंबर झालीय!"

कुल्फी नव्हती ती. तरी राजेश्वरीला क्षणभर बरं वाटलं. त्या घरात तिच्या हातच्या पदार्थाला कुणी चांगलं म्हणायची ती पहिलीच वेळ होती.

दिग्विजयला मात्र बासुंदीत रस नव्हता. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो एसटी स्टँडवर गेला. तिथं बसवेशचा कुल्फीचा गाडा असे. "उद्या दहाच्या आत मंगल कार्यालयाच्या मागच्या दारानं मटका आणून द्यायचा. कुठं बोलायचं न्हाय."

"लपवायला काय चोरीची हाय का मालक?" बसवेश म्हणाला.

"तू फक्त आण."

स्पर्धेला बायका चांगल्या जमल्या. मंगल कार्यालयाचा पत्रा तापला होता. एकच कूलर होता आणि तो दिग्विजयच्या खुर्चीकडं तोंड करून ठेवला होता. भिंतीला लावलेल्या टेबलांवर खाऊ मांडला होता: शंकरपाळ्या, लाडू, चिवडा, आंबापोळी. शुभांगी मॅडमनी नाचणी आणि बीटाची बिनसाखरेची बिस्किटं आणली होती. त्या खाजगी शाळेत विज्ञान शिकवत, आणि साखरेचं नाव काढलं की विंचवाचं नाव काढल्यासारखं तोंड करत. निकाल जाहीर करायला निवृत्त मुख्याध्यापक विष्णुपंत बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं, "खाऊ घरी केलेला असेल तरच बक्षीस. नियम म्हणजे नियम."

राजेश्वरी नवी साडी नेसून स्टेजवर उभी राहिली. दूध कसं आटवायचं, वेलची कधी घालायची, हे तिनं खाली बघत सांगितलं. मग पोरांना कुल्फ्या वाटल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या हर्षालीनं टोक चोखलं आणि आनंदानं ओरडली, "मम्मी, ही तर बसवेशकाकाची हाय!"

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या.

"टोक खारट लागतंय," तिनं समजावून सांगितलं. बसवेशच्या मटक्यात बर्फावर खडेमीठ घातलेलं असायचं, आणि त्याच्या जुन्या साच्यांची टोकं झिजलेली होती. तिथून मिठाचं पाणी थोडं आत शिरायचं. भूममधल्या प्रत्येक पोराला ते खारट टोक ठाऊक होतं. पोरांनी चोखून बघितलं आणि एका सुरात सांगितलं, "व्हय, त्याचीच!"

दिग्विजय हसला. "लहान लेकरू हाय, काय बी बोलतं."

"लेकरं परीक्षक आहेत," विष्णुपंत म्हणाले, आणि त्यांनी माइक हर्षालीच्या हातात दिला. "बाळांनो, बाकीची टेबलंही बघा. स्पष्ट बोला, घाबरू नका."

पोरं कशाला घाबरतायत! ती टेबलांवर तुटून पडली. शंकरपाळ्या स्टँडमागच्या बेकरीतल्या निघाल्या, कारण त्यांना वनस्पती तुपाचा वास होता. चिवडा वाण्याकडचा होता. त्यात खोबरं असतं पण दाणे नसतात, हे एका पोरीनं माइकवरून सांगितलं. आंबापोळीच्या डब्याखाली पाकीटच सापडलं. ज्या आया सकाळी तास न् तास खपल्याचं सांगत होत्या, त्या आता पदरानं वारा घेऊ लागल्या. एकीनं आपल्याच पोराला डोळ्यांनी दटावलं, पण तो भरल्या तोंडानं म्हणाला, "आई, तूच तर आणायला लावलं मला!"

शेवटी पोरं बीटाच्या बिस्किटांपाशी आली. एकानं चावून बघितलं, दुसऱ्यानं नुसतं चाटलं. त्यांनी आपसात चर्चा केली.

"हे घरचंच हाय," हर्षालीनं निकाल दिला. "असलं इकत कोण घेतंय?"

तेवढ्यात राजेश्वरीनं तिच्या हातातून माइक घेतला. दिग्विजय मान हलवून नको नको म्हणत होता. ती त्याच्याकडं बघतच नव्हती.

"पोरगी खरं बोलली," ती म्हणाली. "कुल्फी बसवेशभाऊंची हाय. मला येत न्हाय. एकदा दूध जाळलं, एकदा बासुंदी झाली. फोनमधलं ते पाच मिनिटांत होणारं कुणाच्या घरात झालं असंल, तर त्या बाईनं हात वर करावा. मला तिचे पाय धरायचेत."

कुणीच हात वर केला नाही. मागं बसलेल्या शेजारच्या लीलाकाकू हसल्या. "अगं, माझी जेली भिंतीवर चिकटलीय अजून!" मग दुसरी हसली. एकीचं मिक्सरचं झाकण उडालं होतं, एकीच्या न गोठलेल्या आइस्क्रीममध्ये नवऱ्यानं ताक समजून मीठ घातलं होतं. बायका टेबलं सोडून गोल करून बसल्या आणि विकतचा चिवडा खात एकमेकींना आपापली फजिती सांगू लागल्या. इतक्या दिवसांत दिग्विजयच्या कुठल्याच कार्यक्रमात लोक एवढे रमले नव्हते.

त्याला वाटलं, आता आपण काहीतरी केलंच पाहिजे. त्यानं माइक घेतला. "मला हेच दाखवायचं होतं! आपल्या गावातल्या लहान व्यावसायिकाचा गौरव!" बसवेशला स्टँडवरून बोलावून हार घालण्यात आला. तिकडं उन्हात त्याचा गाडा बेवारस उभा होता, आणि इकडं भाषण संपत नव्हतं.

बक्षीस नियमाप्रमाणं शुभांगी मॅडमना मिळालं. विष्णुपंतांनी बिस्कीट चावायचा प्रयत्न केला, कवळीवर हात ठेवला, आणि बिस्कीट सन्मानपूर्वक खिशात टाकलं. "टिकाऊ आहे," ते म्हणाले. मॅडम एवढ्या खूश झाल्या की त्यांनी पांढऱ्या साखरेच्या दुष्परिणामांवर बोलायला सुरुवात केली. तोवर पोरं बसवेशच्या मागं गाड्याकडं पळाली होती.

घरी आल्यावर दिग्विजय आपटत धोपटत फिरला. "गावासमोर नाक कापलंस."

"तुम्हीच पुढं केलं होतं," राजेश्वरी म्हणाली आणि हर्षालीची वेणी सोडायला बसली.

पुढं निवडणूक खरंच लागली, आणि दिग्विजयचा प्रभाग महिलेसाठी सुटला. त्यानं आधी आईचं नाव पुढं केलं. कस्तुराबाईंनी तर ठेवणीतलं लुगडंही काढलं. पण प्रभागातल्या बायकांनी निरोप धाडला, 'ती खरं बोलणारी उभी करा, न्हायतर आमच्या मतांची वाट बघू नका.' दिग्विजयला हिशेब कळला. प्रचारभर तो बायकोच्या मागं चालला आणि फोटो काढताना पुढं आला. राजेश्वरी निवडून आली.

पहिल्या बैठकीच्या दिवशी ती सभागृहात पोचली, तेव्हा तिच्या नावाच्या पाटीमागच्या खुर्चीत दिग्विजय बसला होता. टेकून, पायावर पाय टाकून, शेजारच्याशी रस्त्याच्या कामाचं बोलत होता.

"उठा," ती म्हणाली.

तो हळूच म्हणाला, "सगळे बघायलेत. तू बस की मागं. सह्या तूच करायच्यात."

"उठा."

शेजारचा छताकडं बघू लागला. दिग्विजयनं एकदा दाराकडं, एकदा पाटीकडं बघितलं. मग जणू तहान लागल्यासारखा उठला, पाण्याचा ग्लास शोधत बाहेर गेला, आणि बैठक संपेपर्यंत त्याला पाणी काही सापडलं नाही.